पुण्याला जाऊन काय पाहिलं? तर एक बंद खोली

मुंजीच्या निमित्ताने चार दिवस पुण्याला जाऊन आलो. सांगलीत परतल्यापासून भेटेल तो विचारतोय, काय काय पाहिलं? लाल महाल पाहिला, केळकर संग्रहालय पाहिलं, तुळशीबागेत पाय तुटेस्तोवर फिरलो, इथपर्यंत सगळे माना डोलावतात. एस्केप रूम खेळलो म्हटलं की मान थांबते. "म्हणजे पैसे देऊन स्वतःला कोंडून घेतलंत?" हो. पाच जणांनी, तासभर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला एका सजवलेल्या खोलीत सोडतात आणि 60 मिनिटं देतात. आतल्या वस्तूंमध्ये दडवलेली कोडी सोडवत एकेक कुलूप उघडायचं आणि शेवटी दाराची किल्ली मिळवायची. बाहेर एक मुलगा सीसीटीव्हीवर तुमचा गोंधळ बघत बसलेला असतो, अडलात की वॉकीटॉकीवर हिंट देतो. हा प्रकार 2007 साली जपानात क्योतोला सुरू झाला. ताकाओ कातो नावाच्या माणसाने कॉम्प्युटरवरचा 'खोलीतून सुटा' छापाचा खेळ खऱ्या खोलीत आणला. दार खरोखर बंद नसतं. शेजारी हिरवं बटण असतं, दाबलं की बाहेर. आमच्या काकूंनी (माझ्या चुलत सासूबाई, वय 68) ते बटण तीनदा दाबून पाहिलं, मगच आत आल्या. येताना चपला बाहेर काढल्या. काढायच्या नव्हत्या.

नणंदेच्या लेकीने बुकिंग करताना तीन थीम दाखवल्या होत्या. भुताचा वाडा, तुरुंग आणि खेळण्यांचं दुकान. आता माझं स्पष्ट मत सांगते. भुताची थीम हा निव्वळ आळस आहे. दिवे घालवायचे, दोन साखळ्या टांगायच्या, एक किंकाळी लावून द्यायची, झालं काम. अंधारात कोणीही दचकतं, त्यात खोली बनवणाऱ्याने काय डोकं चालवलं? तुरुंगात कैद्याच्या उशीखाली गणिताचं कोडं कोण ठेवतं, हेही मला कोणी सांगत नाही. खेळण्यांच्या दुकानात मात्र काहीही खपून जातं. माकडाच्या पोटातून किल्ली निघाली तर नवल वाटत नाही, माकड चावीचंच असतं.

आणि दुसरं म्हणजे, हात लावायचा असतो! आमच्या लहानपणी खेळण्यांच्या दुकानात शिरायच्या आधी पायरीवरच दम मिळायचा, हात मागे बांधायचे, नुसतं बघायचं. गल्ल्यावरचा माणूस वर पुन्हा "बाळ, हात नको" म्हणायचा. इथे त्या मुलाने दार लावताना सांगितलं, "सगळ्याला हात लावून बघा." पहिली पाच मिनिटं मी एकही कोडं बघितलं नाही. नुसतं ढोल वाजवणारं अस्वल चावी देऊन देऊन वाजवलं. नवरा दिसेल ती बारकी वस्तू उचलून "क्लू असेल, क्लू असेल" करत फिरत होता.

एका फळीवर पाच प्राणी योग्य जागी ठेवायचे होते. प्राण्यांच्या पोटात चिप असते, सगळे जागेवर बसले की चुंबक सुटतं आणि खालचा खण खट्कन उघडतो. ते चुंबक विजेवर धरून ठेवलेलं असतं, वीज गेली की आपोआप सुटतं, असं भाचीने सांगितलं. (आम्ही सांगलीची माणसं. आधी कळलं असतं तर लाइट जायची वाट बघत बसलो असतो.)

काकू काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. "बोला, काय दाखवू?" म्हणत माझ्या मुलाला एकच टेडी तीन वेगवेगळ्या किमतींना विकला. आम्ही इकडे आगगाडीचा शेवटचा डबा शोधून बेजार. वीस मिनिटांनी भाचीची ट्यूब पेटली.

"आजी, जरा उठता का?"

"आत्ताच तर टेकले."

स्टूल म्हणजे पेटी होती आणि डबा तिच्यात होता. सकाळीच लाल महालात शाहिस्तेखानाची गोष्ट ऐकून आलेला माझा मुलगा म्हणाला, "खानाला निदान खिडकी तरी होती." 1663 पासून पुण्यात ही खेळाची परंपरा आहे म्हणायची, फक्त तेव्हा हिंट मिळत नव्हती आणि बोटं जायची.

आता तक्रार. दुकान सुंदर होतं, पण ते दुकान कुठलं होतं? लाकडी शिपाई, टेडी, स्प्रिंगवर उडणारा जोकर, एबीसीचे ठोकळे. एक कोडं तर इंग्रजी बालगीतातल्या क्रमावर होतं. काकूंचं सोडा, मलाही तो क्रम आठवेना. अहो, तुम्ही पुण्यात बसलाय! तुळशीबागेत पितळेची भातुकली टांगलेली दिसते, ती आणा. लगोरीच्या सात ठिकऱ्या रचल्याशिवाय कपाट उघडू देऊ नका. जातं फिरवलं की खालून चिठ्ठी येऊ दे. सावंतवाडीची लाकडी फळं परडीत ठेवा आणि वजनावरून ओळखायला लावा. आणि तिथलीच दशावतारी गंजिफा घ्या. 120 पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाची बारा-बारा पानं. खणात चार पत्ते ठेवायचे, नृसिंह, मत्स्य, वामन, कूर्म. कुलूप 4152. काकूंनी स्टुलावरून न उठता सांगितलं असतं आणि आम्ही गूगल करत बसलो असतो. खोली बनवणाऱ्या कोणापर्यंत ही पोस्ट पोचली तर आयडिया फुकट घ्या, फक्त मला बोलवा.

आम्ही हरलो. शेवटचं कोडं बाहुलीघराचं होतं. चार खोल्या, प्रत्येक खोलीतल्या खुर्च्या मोजायच्या, तोच कुलपाचा आकडा. दिवाणखान्यात चार, स्वयंपाकघरात दोन, माजघरात एक, माडीवर दोन. 4212 लावलं, उघडेना. उलटं लावलं, उघडेना. वॉकीटॉकीवर "नीट मोजा" एवढंच. पाचही जणांनी पाच वेळा मोजलं आणि वेळ संपली. वॉकीटॉकीवाला मुलगा आत आला, 4312 लावलं, कुलूप उघडलं.

"स्वयंपाकघरात तीन असतात."

"दोनच आहेत, बघा."

त्याने वाकून पाहिलं आणि बिचारा ओशाळला. "लहान मुलं उचलून नेतात, सर. सॉरी." मग माझ्या नवऱ्याने त्याला मेंटेनन्सवर पाच मिनिटं भाषण दिलं. एवढे पैसे घेता, रोज सकाळी वस्तू मोजून ठेवायला काय होतं, वगैरे. मीही मागून होकार भरत होते. परतताना गाडीत मी एक जळजळीत रिव्ह्यूसुद्धा टाइप केला. खंबाटकीला नेट गेलं म्हणून तो जायचा राहिला.

परवा कपडे भिजवायला घेतले. नवऱ्याचा निळा शर्ट, वरचा खिसा. आत एक लाकडी खुर्ची.

नवरा म्हणतो कुरियर कर. मी म्हणते, भाषण तू दिलंस, फोन तू कर. त्याने दोन दिवसांत फोन केलेला नाही, आणि तिकडे येणारी माणसं स्वयंपाकघरात दोनच मोजत असणार. तर या आठवड्यात सांगलीहून पुण्याला कोण जातंय? खुर्ची काडेपेटीत मावते.