गुळाला माफी नाही

आमच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. सार एवढंच: मुलांचे दात चॉकलेटने किडतात, म्हणून गूळ, मध, खजूर द्या, नैसर्गिक गोडाने कीड लागत नाही. रोज दूध पाजा, कॅल्शियमने दात भक्कम होतात. फ्लोराइडची पेस्ट म्हणजे विष. आणि दुधाचे दात पडायचेच असतात, त्यांची काळजी कशाला? वर पुरावा म्हणून, ‘आपले आजोबा गूळ खाऊन ऐंशीव्या वर्षी दातांनी ऊस सोलत.’

माझे आजोबाही गूळ खायचे. त्यांची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात असायची. ऊस त्यांनी कशाने सोलला असता, कोण जाणे.

गुळाबद्दल मी जरा कडवटपणे बोलणार आहे, कारण मी स्वतः फसले. मुलगा दोन वर्षांचा असताना ‘साखर नको’ म्हणून रात्रीच्या बाटलीतल्या दुधात गूळ घालायचे. बाटली तोंडात ठेवूनच तो झोपायचा. एके दिवशी वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ दिसली. दूध सुकलंय असं समजून ओल्या फडक्याने पुसली, निघेना. पुढे तीच रेघ तपकिरी झाली. खालचे दात मात्र स्वच्छ! डेंटिस्टने कारण सांगितलं: चोखताना जीभ खालच्या दातांवर असते आणि लाळही तिथेच जास्त साचते. झोपेत लाळ जवळजवळ आटते, मग वरचे दात रात्रभर गोड दुधात भिजत पडतात.

मुळात ‘कीड’ हा शब्दच दिशाभूल करतो. दातात किडा वगैरे नसतो. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या आवरणातली, खनिजं विरघळू लागतात. साखर गिरणीतून आली की गुऱ्हाळातून, हे त्या जिवाणूंना कळत नाही, आणि गुळात बहुतांश सुक्रोजच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखर (वरून घातलेली, तसंच मध-रसांतली) एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा असं सांगितलं, तेव्हा मधही त्यातच धरला होता. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.) खजुरात बाकी गुण आहेत, पण दाढेला चिकटून बसतो.

मग चॉकलेट निर्दोष का? तसं नाही. पण साखर किती, याइतकंच ती कितीदा आणि किती वेळ, हेही महत्त्वाचं. एकदा गोड खाल्लं की लाळेला आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. रविवारी पोह्यांबरोबर दोन जिलब्या खाऊन पाणी प्यायलेलं पोर आणि दुपारभर एकच लॉलीपॉप चघळणारं पोर, यांत मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटेल. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून हे तपासलं गेलं. प्रयोग लाजिरवाणाच होता. पण दिसलं ते हेच: जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, अधल्यामधल्या चिकट गोडाने भराभर वाढली. म्हणून लाडू द्यायचाच तर ताटात द्यावा.

दूध चांगलंच, बिनसाखरेचं आणि बाटलीशिवाय. दात जबड्यात घडत असताना कॅल्शियम हवंच. पण उगवलेल्या दाताचं भोक दूध पिऊन बुजत नाही.

फ्लोराइडच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात धार-झाबुआच्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातच ते जास्त आहे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पेस्टचा प्रश्न वेगळा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश आपण धरायचा. एवढीशी पेस्ट विष नाही, खनिजं परत बसवायला तीच मदत करते.

राहिले पडणारे दात. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारापर्यंत राहतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि खालच्या नव्या दाताची वाट अडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे एक दाढ काही न पडता येते. ती कायमची असते, आणि बऱ्याच आया तिला दुधाचीच समजतात. काल मुलाला खिडकीशी उभं करून ‘आ’ करायला लावलं. मागे ती अर्धवट वर आली होती, आणि तिच्या खाचांत तासाभरापूर्वीच्या बिस्किटाचा लगदा तसाच बसलेला होता.