इंजिनापासून तिसरा

हल्ली फलाटावर विजेच्या पाट्या असतात. एस-६ कुठे थांबणार हे त्या सांगतात आणि पुष्कळदा तो तिथे थांबतोही. प्रवासातली अर्धी मजा तिथेच संपली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गाडी कुठल्या क्रमाने डबे घेऊन येणार, हे फक्त देवाला आणि यार्डातल्या शंटिंगवाल्यांना ठाऊक असे. दोघेही फलाटावर सहसा भेटत नसत.

भेटे तो हमाल. तो आमची ट्रंक एका ठराविक फरशीवर टेकवून म्हणे, "हितंच लागतोय बघा तुमचा डबा." वडील मुळात शंकेखोर. ते चहावाल्याला विचारत. तो म्हणे, "पुढं येतो साहेब, पार पुढं." मग वडील थेट स्टेशनमास्तरांकडे जात आणि "साधारण मध्ये" असं अधिकृत उत्तर घेऊन येत. एक डबा साधारण २२ मीटरचा. अठरा डब्यांची गाडी धरली तर चारशे मीटर होतात. त्यात "साधारण मध्ये" म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायला परत जायची वडिलांची हिंमत नसे.

गाडी दिसली की आधी इंजिन, मग लगेजचा डबा, मग दारात लोंबकळणारी माणसं घेऊन जनरल. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे. पुढे मात्र एस-१, एस-२ आणि एकदम एस-५! मधले दोन कुठे गेले? एखादा डबा यार्डात 'सिक' झालेला असे, म्हणजे नादुरुस्त. त्याच्या जागी आणलेल्या डब्यावर पत्र्याची पाटी नसे. दाराशेजारी खडूने काहीतरी खरडलेलं असे, आणि ते तीन आहे की आठ यावर धावत्या गाडीबरोबर धावत मतभेद होत. मग सगळा फलाट पळू लागे. निम्मा पुढे, निम्मा मागे. मध्यावर दोन कुटुंबांचे होल्डॉल एकमेकांत अडकत आणि दोन्ही कुटुंबप्रमुख एकमेकांना "अहो, बघून चाला!" म्हणत. आई कधी पळाली नाही. फिरकीचा तांब्या घेऊन ती त्याच फरशीवर उभी राही. "गाडीला आधी थांबू तर द्या," म्हणे. तिचं बरोबर होतं, पण गाडीच दोन मिनिटं थांबणारी.

फर्स्ट क्लासवाल्यांना पळावं लागत नसे. त्यांचा डबा बहुधा गाडीच्या पोटात, फलाटाच्या छपराखाली. जनरलचे डबे दोन्ही टोकांना, जिथे छप्पर संपलेलं असे आणि लहान स्टेशनांवर फलाटसुद्धा. तिथे उतरायचं म्हणजे खडीवर उडी. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला आणि आम्ही तिकीट न बदलता दुसऱ्या वर्गाचे झालो. बाकं लाकडाचीच राहिली. पुढे १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम येऊ लागला. आमचे आजोबा त्यावर झोपून पाठ दुखली म्हणायचे, ती गोष्ट वेगळी.

खरी मानाची वागणूक पत्रांना होती. आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, डब्यात त्यांची रात्रभर गावनिहाय वर्गवारी होई. माणसांसाठी अशी सोय नव्हती. एखाद्या गाडीला थ्रू डबे असत. जंक्शनला ते सोडून दुसऱ्या गाडीला जोडत. चुकून त्यात झोपलेला माणूस पहाटे भलत्याच दिशेला जागा होई.

पण या सगळ्यावर कडी दौंडची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथे एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. पुण्याला भांडून मिळवलेली, गाडीच्या दिशेला तोंड असलेली खिडकी दौंडनंतर उलटी होई आणि भांडण नव्याने सुरू करावं लागे.

आमचे काका एकदा दौंडला चहा प्यायला उतरले. जाताना मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "इंजिनापासून तिसरा. लगेज, जनरल आणि आपण." गाडीची दोन्ही टोकं सारखी. मागेही लगेज, त्याच्या अलीकडे जनरल, मग स्लीपर. काका चहा पिईतो इंजिन टोक बदलून बसलं. शिट्टी झाली. काकांनी इंजिनापासून शिस्तीत तीन डबे मोजले आणि चढले.

इकडे आमच्या डब्यात हलकल्लोळ. चुलतभाऊ साखळी ओढायला उठला. काकू म्हणाल्या, "बस खाली. दंड कोण भरणार? नगरला बघू." डब्यांतून जायची वाट मध्येच बंद होती, त्यामुळे नगर येईपर्यंत काका दौंडला राहिले की गाडीत आहेत, यावर चर्चा चालली. काकू तेवढ्यात जेवून घेऊन झोपल्या.

नगरला काका दुसऱ्या टोकाकडून फलाटावरून चालत आले. घाई अजिबात नव्हती. हातात कुणीतरी दिलेली दशमी होती.

"होतात कुठे?" वडील ओरडले.

"तिसऱ्याच डब्यात," काका म्हणाले. "माणसं फार चांगली आहेत तिथली. खिडकी दिली मला. माझी पिशवी तेवढी द्या इकडे."