मालकाकडून उत्तर: ताई, साखरमाळ नंतर आली

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू वाचला, एक स्टार बघितला. तुम्हाला आमच्या दुकानात वाईट वाटलं त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मालक म्हणून जबाबदारी माझी आहे, ती मी घेतो. पण काही गोष्टी तुम्ही अर्धवट लिहिल्यात आणि वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही इथं मिरजेत बसून गिऱ्हाईकाची जात-धर्म तपासतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय की सामान बघून धर्म ठरवतात, काउंटरवरचा मुलगा तुम्हाला "ईद मुबारक" म्हणाला, कपाळावरची टिकली दिसत नव्हती का, पिशवीत पाडव्याची साखरमाळ असून पण कळलं नाही का, त्याच्या धर्माच्या शुभेच्छा त्यानं त्याच्या घरी द्याव्यात, आणि हे सगळं मालकानंच शिकवलं असणार.

तर ताई, साखरमाळ नंतर आली. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतोय कारण सगळा घोळ तिथं आहे. २९ मार्चची गोष्ट, शनिवार, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि सोमवारी ईद, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या बिलाची कॉपी माझ्यासमोर आहे. पहिली ओळ भाजक्या बारीक शेवया अर्धा किलो, मग खारीक, मग चारोळी ५० ग्रॅम, पिस्ता, मनुका, बदाम, खोबरं, तूप. आता हे सामान त्या आठवड्यात आमच्याकडनं दिवसाला पन्नास माणसं घेऊन जात होती आणि पन्नासच्या पन्नास जण शिरखुर्म्यासाठी. पोरगं आठ ओळी मारून झाल्यावर म्हणालं "ईद मुबारक". आणि त्याच्यानंतर, मी सीसीटीव्ही दोनदा बघितलाय, तुम्ही मागं वळून हुकावर लटकवलेली साखरमाळ काढून काउंटरवर ठेवली. बिलात ती नवव्या ओळीवर आहे. (पुण्याकडं हिला गाठी म्हणतात, आमच्या सिस्टीमला पण गाठी असंच नाव आहे, म्हणून बिलात तसं दिसेल.) साखरमाळ आधी आली असती तर पोरगं शंभर टक्के पाडव्याच्या शुभेच्छा म्हणालं असतं. आता तुम्ही शेवया कुणासाठी घेतल्या, मैत्रिणीकडं द्यायला की घरात खीर करायला, ते आम्हाला कसं कळणार, आणि आम्ही विचारलं पण नाही.

टिकलीचं म्हणाल तर तो वर बघतच नव्हता, त्याचं लक्ष स्कॅनरवर होतं, आणि तुम्ही पण फोनवर बोलत होता ताई, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, फक्त काय झालं ते सांगतोय. अर्धा तास रांगेत उभं राहावं लागलं असं लिहिलंय ते अकरा मिनिटं आहे. अकरा मिनिटं पण जास्तच आहेत, मान्य.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. "त्याच्या धर्माच्या शुभेच्छा." ताई, ते पोरगं हिंदू आहे. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता आमच्या दुकानासमोरची गुढी त्यानंच उभारली, कडुलिंबाचा डहाळा पण घरनं तोच घेऊन आला होता. आणि समजा तो मुसलमान असता तरी काय झालं असतं? आमच्याकडं दोन्ही आहेत. आमच्या मुसलमान पोरानं संक्रांतीला काउंटरवर तिळगुळाचा डबा धरला होता, येईल त्याला "गोड बोला" म्हणत होता, तेव्हा कुणी एक स्टार दिला नाही.

पिशवी बघून अंदाज बांधतो हे खरंय, खोटं कशाला बोलू. किराणा दुकानदाराचा धंदाच तो आहे. शाबू, वरई, शेंगदाणे एकदम घेतले की आम्ही विचारतो एकादशी का, राजगिरा पण आलाय. हरभऱ्याची डाळ आणि गूळ घेतला की वेलदोडा-जायफळ पुढं करतो. यात गिऱ्हाईकाची सोय असते आणि आमची दोन पुड्या जास्त विक्री होते, तेही खरं. आणि हा अंदाज चुकतो पण. मागं एकदा एक गृहस्थ तांदूळ, काळे तीळ, तूप, कापूर घेत होते, आमच्यातलंच एक जण म्हणालं "काय, पूजा का घरात?" ते म्हणाले दहावा आहे वडिलांचा. त्या दिवशी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आलो. तेव्हापासून असलं सामान असलं की कुणी काही विचारायचं नाही, मुकाट बिल करायचं, हे ठरलेलं आहे. म्हणजे आम्ही शिकत नाही असं नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगी अमेरिकेत असते, तिथं दुकानात सगळ्यांना सरसकट "हॅपी हॉलिडेज" म्हणतात, कुणाचा धर्म काढत नाहीत. माझा मेव्हणा पण तिकडंच आहे, त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला तिथं नाताळ, ज्यू लोकांचा हनुक्का, नवीन वर्ष सगळं जवळजवळ येतं म्हणून तसं म्हणतात, पण त्याच्यावर पण भांडणं होतात, "मेरी ख्रिसमस" का म्हणत नाही म्हणून लोक चिडतात. म्हणजे तिकडं पण दुकानदाराचं मरणच. आणि मराठीत काय म्हणू, सुट्टीच्या शुभेच्छा? आम्हाला सणाला सुट्टी नसते ताई, सण म्हणजे रात्री अकरापर्यंत शटर वर.

काहीच बोलायचं नाही, हे पण करून बघितलंय. दोन वर्षांमागं असाच एक प्रसंग झाला म्हणून पोरांना सांगितलं की फक्त "बिल घ्या, पिशवी पाहिजे का" एवढंच बोला. आठ दिवसात आमचे एक जुने गिऱ्हाईक, पंचवीस वर्षं येतायत, म्हणाले काय शेठ, दसऱ्याला पण तोंड शिवलंय का, मग त्या मॉलात आणि तुमच्यात फरक काय. आणि त्यांचं बरोबर होतं. मॉलवाला साखर माझ्यापेक्षा दोन रुपये कमीनं देतो, ते मला परवडत नाही. मी दोन शब्द देतो.

आणि हे नवीन फॅड आहे असं लिहिलंय, तेवढं मागं घ्या. तुम्ही मिरजेत नवीन असाल तर सांगतो, इथल्या दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. या गावात एकमेकांच्या सणाला तोंड भरून बोलणं माझ्या वडिलांच्याही आधीपासून आहे. २००९ ला गणपतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा आमचं शटर बंद होतं आणि आत माल खराब होत होता, ते दिवस मी बघितलेत. उघडल्यावर पहिल्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पैसे टाकायचे, सामान घ्यायचं, जायचं. त्यापेक्षा एखाद्यानं चुकून मला ईद मुबारक म्हणावं, मी खुशाल म्हणेन तुम्हाला पण.

पोराची चूक एका ठिकाणी झाली, ती शेजारच्या चप्पलवाल्या चाचांनी दाखवून दिली. चांद दिसायच्या आधीच मुबारक कसलं देतोय म्हणाले, अजून रोजे चाललेत. तर दोन दिवस आधी मुबारकबाद दिली हे चुकलंच.

बाकी माझे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा सगळ्यांना एकच म्हणायचे, "सण गोड होऊ दे." कुठला सण ते कधी म्हणायचे नाहीत. पोरांना आता तेच म्हणायला सांगितलंय, बघू किती दिवस लक्षात राहतं. सणाच्या दिवसात दुसरं काउंटर पण सुरू करायचा विचार आहे, माणूस मिळाला की.

तुमच्या रिव्ह्यूनंतर ते पोरगं दोन दिवस कामावर आलं नव्हतं. तुम्ही काउंटरवर मोठ्यानं "माझं नाव विचारलंस का आधी" म्हणालात, मागं रांगेत सगळी ओळखीची माणसं होती, एकोणीस वर्षांचं पोरगं आहे. आता येतंय, पण मान खाली घालून बिल करतंय. त्याच्यासाठी दोन ओळी लिहाल तर बरं, स्टार नाही बदलला तरी चालेल. (बदललात तर उपकार होतील, ४.६ वरनं ४.४ वर आलोय.)

आणि ताई, रागाच्या भरात तुमची चारोळीची पुडी कार्डाच्या मशीनमागं राहिली. बिलात तिसऱ्या ओळीवर आहे, पैसे दिलेले आहेत तुम्ही. गल्ल्याच्या खालच्या खणात बिलाच्या कॉपीसकट ठेवलीय. दुपारी एक ते चार सोडून कधीही या, मी नसलो तर त्या पोराकडं मागा, त्याला माहितीये.