विंडवर्डचे सुतार आणि राजकोटचा पुतळा

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोटावर महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा मी कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर होतो. आमच्याकडे ती पहाटेची वेळ. जाग आली तोवर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडून भांडण हातघाईवर आलं होतं. ठेकेदार कोण, वारा किती, पुतळा आठ-नऊ महिनेही का टिकला नाही. प्रश्न रास्तच होते. पण मी ज्या छपराखाली हे वाचत होतो, त्याची अर्धी बाजू ताडपत्रीची होती.

कॅरियाकू हे ग्रेनाडा देशाचं धाकटं बेट. चौतीस चौरस किलोमीटर, आठ-नऊ हजार वस्ती. मी ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर शिकवतो. तिथून बोटीने दोनेक तास लागतात, वाटेत समुद्राखाली एक जागृत ज्वालामुखीही आहे, आणि उतारू त्याबद्दल आपण कशेडी घाटाबद्दल बोलतो तितक्याच सहज बोलतात. बोट आली नाही की बेटावर कांदे नाहीत, गॅस नाही. त्या वर्षी १ जुलैला बेरिल वादळ ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी थेट या बेटावर आदळलं होतं. वादळाची चाहूल लागली की होड्या टिरल बेच्या खारफुटीत नेऊन बांधायच्या, ही इथली पिढ्यांची रीत. या वेळी खारफुटीचाच पाला झडून सांगाडा उरला आणि होड्या एकमेकींवर चढल्या.

विंडवर्ड हे होड्या बांधणाऱ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात आलेल्या स्कॉटिश सुतारांची आडनावं अजून इथे आहेत, कारागीर मात्र आता सगळ्या रंगांचे. आराखडा कागदावर नसतो, नजरेत असतो. होडीच्या फासळ्यांसाठी व्हाइट सीडरच्या मुळातच वाकलेल्या फांद्या शोधून आणतात. होडी पाण्यात ढकलायच्या दिवशी मेंढरू कापतात, पाद्री मंत्र म्हणतो, होडीला बारशासारखे धर्माचे आईबाप नेमतात. मग टेकूचे खांब एकेक करून छाटत होडी अलगद कुशीवर पाडायची आणि सगळ्या गावाने दोर धरून ओढायची. सोबत जॅक आयर्न नावाची रम. इतकी कडक की तिच्यात बर्फ बुडतो. (खरंच बुडतो, मी पाहिलंय.) अशाच गलबतांनी एके काळी सेंट बार्ट्स बेटाहून चोरटी दारूही आणली. हा इतिहास गाव लपवत नाही, उलट रंगवून सांगतं.

आपल्याकडे आरमार म्हटलं की आपण किल्ले मोजतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आहेत, आनंदच आहे. राजकोटावर त्याच वर्षी आणखी उंच पुतळाही उभा राहिला. पण कान्होजींच्या गुराबांचा, म्हणजे लढाऊ गलबतांचा, पठाण (तळाचा कणा) घालणारा सुतार कोण होता, त्याचे वंशज आज काय करतात, हे आमच्या ग्रुपवर कुणी कधी विचारलेलं नाही. १७५६ साली विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हा विषय तर जेवणाच्या पंगतीत काढू नये असाच.

हे मी ग्रुपवर लिहिलं. देवगडचा चुलतभाऊ उखडला. "थयसून बोलाक काय जाता! फायबराच्या होडयेक दर वर्साक डागडुजी लागणा नाय. लाकडाचो खर्च तू देतलस?"

त्याचं चूक नाही. आजोबांचा पडाव (मोठी होडी) विकून आलेल्या पैशांत माझ्या बाबांचं कॉलेज झालं, आणि बाबांच्या पगारावर माझं विमानाचं तिकीट. शिवाय इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. कॅरियाकू आणि शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटाची होडीबांधणी डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने नोंदवली, पण ती तातडीने जपायला हवं अशा परंपरांच्या यादीत. इथली पोरंही ब्रुकलिनला, टोरांटोला जातात. मला एवढंच खटकतं की इथे भांडण होतं ते पुढची होडी कोण बांधणार यावर. आपल्याकडे ते पुतळ्याच्या उंचीवर येऊन थांबतं.

त्या दिवशी ज्या म्हाताऱ्या सुताराच्या ओसरीवर बसलो होतो, त्याला मी आधी त्रिनिदादचा वाटलो. भारतीय चेहरा दिसला की इथे तसंच वाटतं. १८५७ साली मेडस्टोन जहाजातून ग्रेनाडात भारतीय मजूर आले, त्यांचे वंशजही आहेत म्हणा. मी बोटीने नाही, विमानाने आलो, असं सांगितल्यावर तो हसला. मग विचारलं, तुमच्याकडे होडीला लाकूड कुठलं?

मला उत्तर येईना. ग्रुपवर विचारलं. पुतळ्याच्या व्हिडिओंच्या गर्दीत तो प्रश्न वाहून गेला. चौथ्या दिवशी आत्याचा निरोप आला, मला एकटीलाच विचारायचंस, म्हणाली. फळ्या सागाच्या. बाहेरून उंडीचं तेल, ते घरीच काढायचे, वास दोन दिवस जात नसे.

पुढच्या खेपेला म्हाताऱ्याला सांगितलं. उंडीला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून फोनवर झाडाचं चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अजून उगवतं तिकडे?"

उगवतं, म्हटलं. आमच्या घरामागे दोन आहेत.