सोसल्याने जखम लवकर भरत नाही

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ऑपरेशननंतरचं दुखणं सोसावं, दुखण्याच्या औषधांनी जखम भरत नाही, मॉर्फिनची सवय लागते, आणि 'पेन सर्व्हिस' (ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर लक्ष ठेवायची दवाखान्याची सेवा) ही बिल फुगवायची युक्ती आहे, असं त्यात म्हटलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, तेव्हा क्रमाने बोलतो.

सोसावं का? पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो. कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, मग न्यूमोनिया. 'दुखून तर राहिलं, पण सोसतो जी' म्हणणाऱ्या पेशंटची मला जास्त काळजी वाटते. म्हणून 'दुखतं का?' एवढं विचारून भागत नाही. खोकायला लावायचं आणि मग शून्य ते दहामध्ये किती, ते विचारायचं.

जखमेचा मुद्दा अर्धवट आहे. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्यांबद्दल, आतडं जोडल्यावर किंवा हाड जुळताना, डॉक्टरांतच वाद आहे. किडनी नाजूक असेल तर आम्ही त्या टाळतो. पॅरासिटामॉल आणि नसेचा ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करणं) यांना त्याच पंक्तीत बसवायचं कारण नाही.

आता मॉर्फिन. सवयीचा धोका शून्य नाही, पण तो वाढतो घरी नेलेल्या, महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या गोळ्यांनी; वॉर्डातल्या दोन-चार दिवसांच्या मोजक्या डोसने सहसा नाही. आपल्याकडचं दुखणं उलटंच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात गरजूंनाही मॉर्फिन मिळेना. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. खरी भीती श्वास मंदावण्याची. त्याआधी बहुधा गुंगी वाढते, म्हणून सिस्टर श्वास मोजतात तशी गुंगीही नोंदवतात. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन हाताशी असतं. काही पेशंटना बटण दाबलं की शिरेतून मॉर्फिनचा ठरलेला डोस देणारा पंप लावतात; ते बटण पेशंटनेच दाबायचं. गुंगी आली की त्याचा हात आपोआप थांबतो, आणि ठरलेली मिनिटं होईपर्यंत पंपही पुढचा डोस देत नाही. प्रेमापोटी बटण दाबणारा मुलगा यातली पहिली राखण मोडतो. (नर्सच्या पाठीमागे हे चालतंच!)

राहिलं बिल. पंप महाग असतो, कबूल. पण सर्व्हिस म्हणजे पंप नव्हे. १९८८ साली सिएटलच्या ब्रायन रेडी यांनी भूलतज्ज्ञांच्या अशा सेवेची मांडणी छापली. पुढे स्वीडनमध्ये ओरेब्रोला नरिंदर रावल यांनी ती स्वस्तात बसवली: वॉर्डातल्या नर्स ठरलेल्या वेळी दुखण्याचा आकडा लिहितात, तो ठरल्यापेक्षा वर गेला की लिहून ठेवलेला डोस देतात, अडलं तर भूलतज्ज्ञाला बोलावतात. लागतं काय? चार्ट, शिकवलेल्या नर्स आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर. मेडिकल, मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांच्या भरलेल्या वॉर्डांत तिसरीच गोष्ट सगळ्यांत अवघड, असं माझं मत.

मेसेजवाल्यांचा संशय एका ठिकाणी मला मान्य आहे. खासगी दवाखाना धंतोलीतला असो की रामदासपेठेतला, बिलात 'पेन सर्व्हिस'ची ओळ दिसली की केस पेपरवर रात्रीचे आकडे मागा. ते नसतील, तर पैसे कशाचे, हे विचाराच.