भाषा पहिल्याच सेमिस्टरला का?

तुमची कमेंट नीट वाचली. प्रादेशिक अभ्यासात (एरिया स्टडीज, म्हणजे जगातल्या एखाद्या प्रदेशाचा सगळ्या बाजूंनी अभ्यास) एमए करताना भाषा आणि थिसिसचा विषय पहिल्याच सेमिस्टरला ठरवा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं की अशाने मुलं झापडं लावल्यासारखी एकाच दिशेने जातात, आणि विषय तिसऱ्या सेमिस्टरला ठरला तरी काही बिघडत नाही. पहिल्या वर्षी इतिहास, अर्थकारण, मानववंशशास्त्र सगळं बघावंच, त्यावर वाद नाही. पण भाषा थांबत नाही हो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात तिथला अंदाज बघा, रशियनला ४४ आठवडे म्हणजे साधारण ११०० तास, आणि अरबी, चिनी, जपानीला ८८ आठवडे, २२०० तास, तेही दिवसभर तेवढंच काम असताना! एमएच्या वेळापत्रकात आठवड्याला किती तास बसतात, तुम्हीच हिशोब करा.

समजा कोणाला मध्य आशियातल्या पाण्यावर लिहायचंय. नारीन नदीवरचं टोक्टोगुल धरण किर्गिझस्तानात, त्यांना पाणी हिवाळ्यात सोडायचं असतं कारण वीज तेव्हा लागते, आणि खाली उझबेकिस्तान-कझाकस्तानला तेच पाणी उन्हाळ्यात शेतीला हवं असतं. सोविएत काळात मॉस्कोतून हे जुळवलं जायचं, पाण्याच्या बदल्यात वरच्यांना कोळसा-गॅस मिळायचा, १९९१ नंतर ती घडी विस्कटली. विषय जबरदस्त आहे, पण जुनी कागदपत्रं रशियनमध्ये, आणि आजची उझबेक वर्तमानपत्रं वाचायची तर सिरिलिक (रशियन जिच्यात लिहितात ती) आणि लॅटिन दोन्ही लिप्या यायला हव्यात. तिसऱ्या सेमिस्टरला विषय ठरवणारा मग इंग्रजीतले अहवालच वाचतो आणि तेच फिरवून लिहितो, मला याचं खरंच वाईट वाटतं.

विषय पुढे बदलला तरी चालतं, पाण्याकडून स्थलांतराकडे वळलात तरी रशियन कामाला येतेच. फक्त दुसऱ्या सेमिस्टरच्या टर्म पेपरमध्ये मूळ भाषेतला एक तरी स्रोत वापरून बघा, शेतीच्या आकडेवारीचा एखादा तक्तासुद्धा पुरे. डिक्शनरी घेऊन एकेक रकाना लावायला बसलं आणि खालच्या टिपा वाचल्या की कळतं कुठली जमीन ओलिताखाली धरलीय आणि कुठली सोडलीय, आणि थिसिसचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.

भाषेपायी संशोधन पद्धतीचा कोर्स मागे पडतो हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. पण मग प्रदेशावरचं एखादं इलेक्टिव्ह सोडा ना, मुलाखत कशी घ्यायची हे न शिकता फील्डवर्कला जाणं जास्त महागात पडतं.

तुमची भाची यंदा ॲडमिशन घेतेय म्हणालात, तर तिला पहिल्या महिन्यातच दोन गोष्टी विचारून घ्यायला सांगा, ज्यांच्याकडे थिसिस करायचाय ते गाईड दुसऱ्या वर्षी रजेवर तर नाहीत ना, आणि मुलाखतींसाठी एथिक्स कमिटीची (लोकांवरचं संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे ना हे बघणारी समिती) मंजुरी लागते का, लागत असेल तर अर्ज कधीपर्यंत द्यायचा. मधल्या सुट्टीत फील्डवर्क करायचं असेल तर हे त्याआधीच व्हायला लागतं.