एसएमबी १ चालू करा म्हणे!

म्हापशाला एका सीएच्या ऑफिसात माझी धाकटी बहीण कामाला आहे. तिथे पाचेक विंडोज मशीन, सरांचं मॅकबुक आणि कोपऱ्यात उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) टाकलेला एक जुना डेस्कटॉप. सगळ्यांच्या फायली त्या डेस्कटॉपवर. विंडोज ११ चं अपडेट झालं आणि दोन मशीनवरून तो उघडेना. मग ग्रुपवर तो मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेलच: मायक्रोसॉफ्टने शेअरिंग मुद्दाम बंद केलंय, एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा, फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ द्या, पासवर्ड काढून टाका, वर्कग्रुपचं नाव सगळीकडे एकच ठेवा, मॅक असेल तर विकतचं सॉफ्टवेअर घ्या. आणि सगळ्या ऑफिसांना पाठवा, हे तर आलंच.

बहिणीने करण्याआधी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. तिचा फोन आला तो, “दादा, सगळं केलं, तरी होत नाही” म्हणून.

कसं होणार? एसएमबी १ ही फायली देण्याघेण्याची १९८०च्या दशकातली पद्धत. विंडोजमध्ये व्हिस्टापासून एसएमबी २ आहे, विंडोज ८ पासून एसएमबी ३. उबंटूवर हे काम सांबा करतो, आणि २०१९ मध्ये आलेल्या ४.११ पासून सांबा स्वतःच एसएमबी १ ला दारात उभं करत नाही. म्हणजे विंडोजमध्ये टिक मारून मशीन रीस्टार्ट केलं, तरी समोरचा त्या भाषेत बोलायलाच तयार नाही. फायदा शून्य, भोक मात्र उघडं. आजार रेड्याला, औषध पखालीला.

आणि भोक साधं नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरला तो याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून. कुणी मेल उघडायची गरज नव्हती, लिंक दाबायची नव्हती. एका मशीनला लागण झाली की ते नेटवर्कवरच्या दुसऱ्याचं ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, आपणहून ठोठावायचं. दीडशेच्या वर देश, ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं, आपल्याकडे आंध्र पोलिसांची काही मशीनं. मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे त्रुटीवरची दुरुस्ती, मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता. “आता पॅच आहे ना, मग काय?” असं सरांनी विचारलं. पॅचने ती एक त्रुटी बुजली. नंतरच्या आवृत्त्यांत आलेलं एन्क्रिप्शन आणि मधल्यामध्ये कुणी छेडछाड करू नये म्हणून घातलेल्या तपासण्या एसएमबी १ मध्ये नाहीतच. तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबी सांभाळणारे नेड पाइल २०१६ च्या सप्टेंबरपासून जाहीरपणे सांगत होते की हे वापरणं थांबवा. २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून ते काढायला सुरुवात झाली. बनवणारा नको म्हणतोय आणि आपण फॉरवर्ड वाचून चालू करतोय, तेही लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट ठेवलेल्या ऑफिसात!

‘मुद्दाम बंद केलं’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून, म्हणजे नाव-पासवर्ड न देता, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं बंद झालं. होम आवृत्तीत ते चालतं. म्हणून ऑफिसातली बाकीची मशीनं ठीक होती आणि प्रोवाली दोनच अडली. त्यांच्यावर मेसेज येत होता की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही. ऑफिसात माणसं मोजून सात, त्यांचं कसलं आलंय धोरण? म्हणून कुणी तो नीट वाचलाच नाही. उबंटूचा सांबा अनोळखी नाव आलं की गुपचूप पाहुणा समजून आत घेतो. इतकी वर्षं काम चाललं ते यावरच.

उपाय कंटाळवाणा आहे: उबंटूवर प्रत्येकाचं खातं करायचं, मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांड ‘-ए’ लावून चालवायची आणि सांबाचा पासवर्ड वेगळा द्यायचा, कारण उबंटूचा लॉगिन पासवर्ड सांबाला आपोआप कळत नाही. तेच नाव-पासवर्ड विंडोजने विचारल्यावर घालायचे. उलट बाजूने विंडोजचं फोल्डर उघडायचं असेल तर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. इथे निम्मी माणसं अडकतात.

फायरवॉल बंद केल्याने कधीकधी ‘होतं’, कारण वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं. ते ‘प्रायव्हेट’ करा, फायरवॉल राहू द्या. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ म्हणजे एका मशीनला रॅन्समवेअर लागलं की सगळ्यांच्या फायली गेल्या. यावर आणखी काय बोलायचं! वर्कग्रुपचं नाव फक्त नेटवर्कच्या यादीत दिसण्यापुरतं. यादीत नाही दिसलं तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) मारून आयपी, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा नंबर, टाका, उघडतं. मॅकला विकतचं काही लागत नाही. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून तो एसएमबीच बोलतो. फाइंडरमध्ये कमांड-के दाबायचं आणि पत्ता द्यायचा.

एक गोष्ट मात्र खरी: जुन्या झेरॉक्स मशीनचं ‘स्कॅन टू फोल्डर’ कधीकधी एसएमबी १ शिवाय चालत नाही. त्या एका डब्यासाठी सगळं ऑफिस उघडं टाकू नका. त्याला स्कॅन मेलवर पाठवायला सांगा, नाहीतर पेन ड्राइव्ह लावा.

आणि पावसात वीज गेली-आली की राउटर नवे आयपी वाटतो, मग कालचा शॉर्टकट आज मेलेला. उबंटूवाल्या मशीनचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा. नाहीतर पुढच्या लाइट गेल्यावर ग्रुपवर पुन्हा हाच मेसेज फिरेल.